टिकाऊ स्की म्हणजे नेमकी कुठली?

न मोडणारी स्की अशी वस्तू जगात नाही, आणि दुकानदार तसं सांगत असेल तर सरळ दुसऱ्या दुकानात जावं, हे माझं मत आधीच सांगून टाकते. सत्तरी ओलांडलेल्या, जन्मात एकदाही स्कीवर उभ्या न राहिलेल्या मराठीच्या बाईंना या विषयात मत असायचं कारण काय, असं पुण्याच्या वन्सं विचारतीलच. कारण साधं आहे. मिनेसोटातला माझा नातू यंदा सतरा वर्षांचा झाला, त्याला स्कीची नवी जोडी हवी आहे आणि पैसे आजीने द्यायचे ठरले आहेत. ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याने अभ्यास करावा, हा आमच्या घरचा जुना नियम. तेव्हा गेले दोन महिने मी शब्दकोडी बाजूला ठेवून स्कीचा अभ्यास करते आहे.

आपल्याकडे स्कीइंग म्हटलं की गुलमर्ग नाहीतर औली डोळ्यांपुढे येतं. पांढराशुभ्र उतार, देवदारांची रांग आणि झोकात वळणं घेत खाली येणारा माणूस. नातवाचं प्रकरण वेगळं आहे. तो जातो टेरेन पार्कात. तिथे उतारावर मुद्दाम लोखंडी नळ्या, लांबट पेट्या आणि बर्फाचे उंचवटे मांडून ठेवलेले असतात. पोरं उडी मारून त्या नळीवर आडवी होतात आणि घसरत पलीकडे उतरतात. नळीला ते रेल म्हणतात. याचाच पुढचा वर्ग भरतो शहरात, जिन्याच्या कठड्यांवर आणि भिंतींवर. बर्फ फावड्याने ओढून आणायचा, वेगासाठी उतार नसेल तर मोटरच्या विंचने किंवा जाड रबरी दोराने स्वतःला खेचून घ्यायचं, आणि मग कठड्यावर.

हे वेड फार जुनं नाही. जेसन लेव्हिन्थल नावाच्या तरुणाने १९९५ साली लाइन ही कंपनी काढली, सुरुवात आईवडिलांच्या गॅरेजमध्ये. १९९८ साली सॅलोमनची 'टेनएटी' ही स्की आली आणि गाजली. तिची दोन्ही टोकं वर वळलेली होती, म्हणजे उलटं उतरलं तरी चालावं. ती घडवण्यात कॅनडातल्या काही तरुण स्कीपटूंचा हात होता आणि त्यांच्यात जेपी ऑक्लेअर होता. २०११ सालच्या 'ऑल आय कॅन' या चित्रपटात हाच माणूस ब्रिटिश कोलंबियातल्या साध्यासुध्या गावांच्या रस्त्यांतून, अंगणांतून, पायऱ्यांवरून स्की करत जातो. नातवाने मला तो तुकडा दाखवला, आणि खरं सांगते, मी तो पुन्हा लावायला सांगितला. २०१४ साली रेल आणि उड्यांचा हा खेळ स्लोपस्टाइल या नावाने सोचीच्या ऑलिंपिकमध्ये आला. त्याच वर्षी ऑक्लेअर चिलीत हिमप्रपाताखाली सापडून गेला. असो.

आता टिकाऊपणाकडे येते. मिनियापोलिसजवळ ब्लूमिंग्टनला हायलँड हिल्स नावाची टेकडी आहे. उंची जेमतेम पावणेदोनशे फूट, आपल्या पर्वतीहूनही बुटकी. मला वाटायचं, एवढ्याशा टेकडीवर स्की झिजून झिजून किती झिजणार? पण गंमत उलटीच आहे. मोठ्या डोंगरावर पाळण्यात बसून वर जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. इथे सतत फिरणारा दोर असतो, तो धरला की मिनिटाभरात वर. मी काचेआड गरम कोकोचा कप घेऊन तासभर मोजलं, नातवाच्या बावीस फेऱ्या झाल्या आणि दर फेरीला तीन तरी रेल. तीन तास खेळला तर दोनशे वेळा स्कीची कड लोखंडावर आपटली! डोंगरावरच्या माणसाच्या स्कीला हे आठवडाभरातही भोगावं लागत नाही. तेव्हा 'लहान टेकडी, म्हणून स्वस्तातली चालेल' हा आमच्या जावयांचा युक्तिवाद मी पहिल्याच दिवशी निकालात काढला.

स्की उभी चिरली तर आत काय दिसेल? मध्ये लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली काचतंतूंचे थर, खाली प्लॅस्टिकचा तळ, तळाच्या दोन्ही अंगांना पोलादी कड आणि बाजूंना प्लॅस्टिकची भिंत. सगळं राळेत भिजवून, दाबून एकजीव केलेलं. रेलवर जी मरते ती कड, आणि तीही बहुतेक वेळा बुटाच्या खालची, कारण माणूस आडवा उभा राहतो तो तिथे. पोलाद थंडीत ठोके खाऊन तडकतं, मग आत दबतं, शेजारची भिंत फुगते, फटीतून वितळलेलं पाणी लाकडात शिरतं. पाणी शिरलं की लाकूड फुगतं आणि थर सुटायला लागतात. म्हणजे स्कीचा जीव घेतं ते पाणी, लोखंड नुसतं दार उघडून देतं.

हे कळल्यावर काय बघायचं ते आपोआप ठरत गेलं. कड जाड हवी. साधारण स्कीची कड दोन मिलिमीटरच्या आसपास असते, काही कंपन्या पार्कासाठी अडीचची लावतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण कड तासून तासूनच संपते, त्यामुळे तो अर्धा मिलिमीटर म्हणजे आणखी एखादा हिवाळा. बुटाखाली तरी बाजूची भिंत खरी, उभी हवी. काही स्कीजमध्ये वरचंच आवरण टोपीसारखं खाली कडेपर्यंत ओढलेलं असतं. त्या हलक्या होतात, पण ठोका बसला की चेपतात आणि दुरुस्तीला हात घालायला जागा उरत नाही. कडेलगत रबराची पातळ पट्टी दडवलेली असेल तर उत्तम, ती ठोका पिते. गाभा नुसता पॉप्लरचा नको, त्यात मेपल किंवा अ‍ॅशसारख्या कठीण लाकडाच्या पट्ट्या असाव्यात. बाइंडिंगचे स्क्रू शेवटी लाकडातच धरतात.

तळाबद्दल मात्र माझं आणि नातवाचं जमत नाही. तळ दोन प्रकारचा असतो. एक सिंटर्ड, म्हणजे प्लॅस्टिकची पूड तापवून दाबून केलेला. हा कठीण, मेण पिणारा, वेगवान. दुसरा एक्स्ट्रुडेड, म्हणजे वितळवून सोऱ्यातून शेव पाडावी तसा साच्यातून काढलेला. हा हळू आणि स्वस्त, पण खरवडला गेला तर प्लॅस्टिकची कांडी पेटवून थेंब थेंब भरता येतो आणि घट्ट बसतो. नातवाला सिंटर्डच हवा, कारण सगळे तोच घेतात. मी म्हटलं, अरे, पावणेदोनशे फुटांत तुला कुठे गाडी पकडायची आहे? तो हसला, पण ऐकलं नाही. तेवढं त्याचं चालू दिलं.

हलकेपणाचं कौतुक मात्र मी मुळीच ऐकून घेतलं नाही. कार्बन घालून शे-दोनशे ग्रॅम वाचवलेल्या स्कीज डोंगर चढून जाणाऱ्यांना लखलाभ. कठड्यावर आपटणाऱ्याने वजन सोसावं. लोखंडी तवा नि नॉनस्टिकचा तवा यातला फरक मी चाळीस वर्षांपूर्वीच शिकले आहे. आणि वॉरंटीवर तर मुळीच विसंबू नका. कारखान्यातला दोष असेल तर भरून देतात, रेलवर तुटलेली कड बहुतेक कंपन्या धरत नाहीत. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा.

माझ्या लेकीचं म्हणणं, कितीही पैसे पडोत, सगळ्यात मजबूत घेऊ. मला यात धोका दिसतो. 'न मोडणारी' वस्तू हातात आली की मुलं ती पुसत नाहीत, वाळवत नाहीत, ओलीच गाडीच्या डिकीत टाकून देतात. मला टिकाऊ वाटते ती दुरुस्त करता येणारी वस्तू. बुटाखालची कड आधीच कानशीने थोडी गोल करून घ्यायची, म्हणजे ती रेलवर अडकत नाही. खेळून आल्यावर फडक्याने कोरडी करायची. थर सुटलाच तर आत पूर्ण वाळू द्यायचं, दोन नळ्यांचा तो चिकट पदार्थ, आपलं अ‍ॅराल्डाइट असतं तसला, पण सावकाश वाळणारा, आतपर्यंत भरायचा, क्लॅम्प लावून एक अख्खा दिवस हात लावायचा नाही. बारीक तड दिसली म्हणून घाबरायचं नाही, कडेचा तुकडा बाहेर आला तर मात्र थांबायचं. हे सगळं सतराव्या वर्षी यायला हवं. मी त्याला वहीत लिहून काढायला लावलं, तेही मराठीत. 'कानस' हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला.

एका बाबतीत मात्र मी टिकाऊपणाच्या विरुद्ध आहे. बाइंडिंग सुटायलाच हवं. ते किती जोराने सुटावं याचा एक आकडा असतो, वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि खेळण्याची तऱ्हा बघून दुकानातला माणूस तो लावतो. पार्कातली पोरं तो हळूच वाढवून घेतात, कारण ऐन उडीत स्की निसटली तर पंचाईत. पण पडल्यावर सुटली नाही तर पिळतो तो गुडघा, आणि त्याला वरून पट्टी चिकटवता येत नाही. पैसे देण्यासाठी माझी ही एकच अट आहे, तो आकडा स्क्रूड्रायव्हरने स्वतः फिरवायचा नाही.

राहिला शहरातला कठडा. इथे मी मास्तरीण म्हणून बोलते. शाळेच्या, वाचनालयाच्या जिन्याला कठडा असतो तो धरायला असतो. मिनेसोटाच्या जानेवारीत, पायरीवर बर्फ गोठलेला असताना, माझ्यासारखी बाई त्या कठड्याच्या भरवशावरच वर चढते. तो खिळखिळा झाला तर? पार्कातल्या रेलला असा कोणी धरणारा नाही. 'रस्त्यासाठी कुठली स्की मजबूत' या प्रश्नाला माझं उत्तर म्हणून सोपं आहे. नवी कुठलीच नाही. पातळ बर्फाखाली काँक्रीट असतं, तिथे सातशे डॉलरची जोडीही एका उडीत तळापासून फाटते. जाणकारही रस्त्यावर जुनी, मार खाल्लेली जोडी नेतात. आणि जायचंच तर परवानगी विचारून, हेल्मेट घालून, सोबत मोठं माणूस घेऊन. नातू म्हणतो, परवानगी कोणी देत नाही. मग जाऊ नये. ऑक्लेअरचा तो तुकडा मला आवडला, तरीही.

शेवटी घेतली ती मागच्या मोसमात न खपलेली जोडी. एप्रिलमध्ये भाव उतरतात, रंग तेवढा जुन्या वर्षाचा मिळतो. कंबर नव्वद मिलिमीटरच्या आसपास, कड जाड, उभ्या भिंतीची, उचलून बघितली तर चांगली वजनदार. वाचलेल्या पैशांत कानस, मेण, ती प्लॅस्टिकची कांडी आणि नवं हेल्मेट आलं. जुनी जोडी टाकलेली नाही. तिचा उघडलेला थर चिकटवणं हा पहिला धडा. क्लॅम्प जावयांनी आपल्या सुतारकामाच्या पेटीतले द्यायचं कबूल केलं आहे, परत करायच्या बोलीवर.