ईश्वराविना श्रद्धा आणि मानसशास्त्राचे माप

आमच्या वसतिगृहाचा दिवस त्रिसरण-पंचशीलाने सुरू होतो. येथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यासमोर उद्या एखाद्या मानसशास्त्रीय सर्वेक्षणाची प्रश्नावली आली आणि तीत पहिलाच प्रश्न असला, ‘आपला ईश्वरावर विश्वास आहे काय?’, तर त्याने काय लिहावे? ‘होय’ म्हणणे त्याच्या बुद्धीला पटणार नाही. ‘नाही’ म्हणताच त्याची गणना निधर्मी लोकांत होईल.

ही अडचण मापातच आहे. धर्माचे मानसशास्त्र मुख्यतः पाश्चात्त्य ख्रिस्ती समाजात वाढले. विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बौद्ध परंपरा ईश्वराविना असल्याची दखल घेतली. परंतु धर्माचा विचार त्यांनी व्यक्तीच्या एकांतातील अनुभवापुरता मर्यादित ठेवला. बाबासाहेबांनी याच्या नेमकी उलट दिशा दाखविली. धम्म हा माणसामाणसांतील व्यवहाराचा विषय आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी नीती आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंनी धम्म स्वीकारला, तो माणूस म्हणून ताठ मानेने जगण्यासाठी. हे परिवर्तन एकांताच्या मापाने कसे मोजणार?

अलीकडे नास्तिक, अज्ञेयवादी, मानवतावादी यांच्या धारणांचाही स्वतंत्र अभ्यास होऊ लागला आहे, हे स्वागतार्ह आहे. दुसरीकडे, १९७९ पासून जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत ध्यानावर आधारित तणावमुक्तीचा अभ्यासक्रम रूढ केला. त्याचा अनेकांना लाभ झाला, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र सम्यक स्मृती हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. शीलापासून तोडलेले ध्यान म्हणजे संपूर्ण धम्म नव्हे.

म्हणून मानसशास्त्राकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. तपासून घेण्याची शिकवण देणाऱ्या कालाम सुत्ताचे आपण वारस आहोत. १९६७ साली ऑलपोर्ट आणि रॉस या अमेरिकन संशोधकांनी चर्चला जाणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा धर्माचा उपयोग स्वार्थासाठी करणाऱ्यांत वांशिक पूर्वग्रह अधिक आढळला. धर्म मनापासून जगणाऱ्यांत तो त्या मानाने कमी होता. श्रद्धेने शेजाऱ्याविषयीचा द्वेष कमी होतो काय, हा प्रश्न जातीचे चटके सोसलेल्या आपल्या समाजाचाही आहे.

अभ्यासकांनी आमच्या मुलांना ईश्वराविषयी अवश्य विचारावे. पण मैत्री, करुणा, समता यांविषयीही विचारावे. आणि पालकहो, माजी विद्यार्थीहो, तोच प्रश्न आपण स्वतःलाही विचारू या. सकाळी उच्चारलेले पंचशील सायंकाळपर्यंत आपल्या वागण्यात किती उतरले? या उत्तरासाठी प्रश्नावलीची वाट पाहण्याचे कारण नाही.