सतराव्या वर्षीची फिरकी

सतरा-अठरा वर्षांचा फिरकी गोलंदाज भारताच्या संघात आला, की वर्तमानपत्रांना उधाण येतं. पेढा भरवणारी आई, पहिल्या प्रशिक्षकाची मुलाखत, शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूंनी अभिनंदन. दोन वर्षांनी त्याच घराकडे कोणी फिरकत नाही. मला मात्र या दुसऱ्या भेटीतच जास्त रस असतो. पोर वर कसं गेलं हे सगळेच सांगतात. वर गेल्यावर त्याचं काय केलं, हे विचारायला हवं.

आपल्याकडचं याचं सगळ्यात ठळक उदाहरण पुण्याचं आहे, आणि ते मुलाचं नाही, मुलीचं आहे. शुभांगी कुलकर्णी. जन्म १९ जुलै १९५९. भारताच्या महिला संघाने आपला पहिलावहिला कसोटी सामना ३१ ऑक्टोबर १९७६ पासून बंगळूरला वेस्ट इंडिजविरुद्ध खेळला, तेव्हा शांता रंगास्वामींच्या त्या संघात ही लेगस्पिनर होती. वय सतरा वर्षं आणि तीन महिने. त्याच सामन्यात तिने एका डावात पाच गडी बाद केले. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असण्याचं हे वय, आणि समोर कॅरेबियन बेटांवरून आलेला राष्ट्रीय संघ!

इतक्या लवकर ती तिथे पोचली कशी? ती गुणी होती हे तर खरंच, पण शिडीला पायऱ्याच कमी होत्या हेही तितकंच खरं. महिला क्रिकेटची राष्ट्रीय संघटना १९७३ साली लखनौमध्ये नोंदवली गेली. त्याच वर्षी पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील संघ येऊन गेला आणि पुढच्या वर्षी थेट कसोटी. मुली रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून, किटबॅगांवर बसून प्रवास करायच्या. पंधरा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील असले टप्पे नव्हते, अकादमी नव्हती, शिबिरं नव्हती. ज्या मुलीच्या मनगटात चेंडू फिरवण्याची ताकद होती, ती सरळ वर गेली. मधे अडवायलाही कोणी नव्हतं आणि सावरायलाही.

पुढचं ऐका. त्या हिवाळ्यात भारताने पाटण्याला पहिला कसोटी विजय मिळवला. मग जानेवारी १९७७ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात एकेक कसोटी झाली. आणि त्यानंतर भारताच्या महिला संघाची पुढची कसोटी कधी? जानेवारी १९८४ मध्ये. मधली सात वर्षं कोरी. एकदिवसीय सामने झाले, विश्वचषक झाले, पण कसोटी नाही. लेगस्पिनरचा हात घडण्याची जी वर्षं, साडेसतरा ते साडेचोवीस, नेमकी तीच. एखादी कंटाळून बँकेच्या परीक्षेला बसली असती, आणि तिला कोणी नावं ठेवली नसती. शुभांगीताई टिकल्या. १९८५ मध्ये अर्जुन पुरस्कार, १९८६ मध्ये इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार, तिन्ही कसोटी अनिर्णित. १९९१ मध्ये थांबल्या तेव्हा १९ कसोटींत ६० बळी नावावर होते. पंधरा वर्षांत एकोणीस कसोटी! डायना एडलजींचे २० कसोटींत ६३. या दोघींना पुरुषांइतक्या कसोटी मिळाल्या असत्या तर, हा हिशेब मी मुद्दामच मांडत नाही. उगाच डोकं फिरतं.

आता याच्या अगदी उलट गोष्ट. लक्ष्मण शिवरामकृष्णन. मद्रासचा मुलगा. रणजीच्या पहिल्याच सामन्यात, सोळाव्या वर्षी, दिल्लीविरुद्ध २८ धावांत ७ बळी. एप्रिल १९८३ मध्ये अँटिग्वाला कसोटी पदार्पण, वय सतरा वर्षं ११८ दिवस. तोवरचा भारताचा सर्वांत लहान कसोटीपटू. १९८४ च्या अखेरीस वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध दोन्ही डावांत सहा-सहा बळी. मुंबई वेडी झाली होती. त्या मालिकेत त्याने एकूण २३ बळी घेतले. पुढच्या वर्षी मेलबर्नला वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेटच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानच्या जावेद मियाँदादला पुढे खेचून यष्टिचीत केलं. तो चेंडू ज्यांनी दूरदर्शनवर पाहिला, ते अजून हाताने तो वळवून दाखवतात. आणि मग? जानेवारी १९८६ मध्ये शेवटची कसोटी. वय जेमतेम वीस. सगळ्या मिळून ९ कसोटी आणि २६ बळी, त्यातले २३ एकाच मालिकेतले.

शिवाचं असं का झालं याची कारणं बरीच सांगितली जातात. मला जे दिसतं ते साधं आहे. कोवळ्या फिरकीवाल्याला सुरुवातीला दोन गोष्टी साथ देतात. फलंदाजांनी त्याचा हात वाचलेला नसतो, आणि मार पडण्याची भीती त्याच्या स्वतःच्या मनात शिरलेली नसते. म्हणून तो चेंडू डोळ्यांच्या वर उंच सोडतो. वर्षभरात समोरचे हात वाचायला शिकतात. तेवढ्यात याची उंची वाढते, खांदा भरतो, चेंडू सुटण्याची जागा इंच-दोन इंच सरकते आणि टप्पा चुकायला लागतो. दोन षटकार बसले की चेंडू आपोआप सपाट येऊ लागतो. फिरकीवाल्याची खरी घसरण इथे सुरू होते, आणि धावफलकावर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा वेळी त्याला शंभर माणसांची गरज नसते. एकच माणूस लागतो, जो म्हणेल, "बाळा, मार खा, पण उंच टाक."

नरेंद्र हिरवाणीला असा माणूस इंदूरमध्ये भेटला. गोरखपूरचा हा मुलगा कोवळ्या वयात घर सोडून इंदूरला आला आणि संजय जगदाळे यांनी त्याला हाताखाली घेतलं. होळकरांच्या इंदूरमधल्या मराठी क्रिकेटघराण्यांपैकी जगदाळे हे एक घराणं. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासच्या कसोटीत हिरवाणीने पदार्पणातच वेस्ट इंडिजचे १६ बळी घेतले, १३६ धावांत. ६१ धावांत ८ आणि ७५ धावांत ८. वय एकोणीस. खेळपट्टी मातकट होती, चेंडू हातभर वळत होता, हे सगळं मान्य. यष्टींमागे आपला किरण मोरे होता आणि त्याने त्या सामन्यात सहा यष्टिचीत केले, त्यातले पाच दुसऱ्या डावात. वेस्ट इंडिजचे दादा फलंदाज एकामागून एक पुढे सरसावत होते आणि परतत होते. पहिल्या चार कसोटींत हिरवाणीचे ३६ बळी झाले. पुढच्या १३ कसोटींत मिळून ३०. पण तो मध्य प्रदेशासाठी वर्षानुवर्षं टाकत राहिला, संपला नाही. जगदाळ्यांचं श्रेय मी इथे मोजतो, मद्रासच्या त्या सोळा बळींत नाही.

त्या कसोटीत भारताचा कर्णधार होता रवी शास्त्री, आणि तोही मुळात असाच आलेला. फेब्रुवारी १९८१ मध्ये अठरा वर्षांच्या या डावखुऱ्या फिरकीवाल्याला न्यूझीलंडहून तातडीचं बोलावणं आलं. सामन्याच्या आदल्या रात्री वेलिंग्टनला पोचला आणि त्या कसोटीत चार चेंडूंत तीन बळी घेऊन बसला. फलंदाजीला दहाव्या क्रमांकावर होता. दीड-दोन वर्षांत सलामीला जाऊ लागला. फिरकीवर आत आलेला शास्त्री ८० कसोटी खेळला तो बॅटच्या जोरावर. लवकर वर आलेल्या फिरकीवाल्यांत जे तरले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी दुसरा काहीतरी हुन्नर हाताशी ठेवला होता, असं मला वाटतं. पुण्याचीच देविका वैद्य २०१४ मध्ये सतराव्या वर्षी भारताकडून खेळली ती लेगस्पिनर म्हणून. संघात ये-जा चालू राहिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुन्हा दिसली तेव्हा तिच्या फलंदाजीचीही तितकीच चर्चा होती.

हे सगळं मी भीमपुरात बसून लिहितोय, म्हणून आता इथलं. पैनगंगेच्या या काठाला तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा, त्या काठाला महाराष्ट्रातला यवतमाळ. कापसाची उलंगवाडी झाली आणि पऱ्हाट्या उपटल्या, की शेतंच मैदानं होतात. मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा घरांतली पोरं एकत्र खेळतात, आणि सामन्याची कॉमेंट्री एका वाक्यात तीन भाषांतून होते. काळी माती पाणी मारून, धुम्मस करून अशी टणक होते, की लेदरचा चेंडू तिच्यावर पडला तर वळलाच पाहिजे. पण लेदर कुठे आहे? खेळ सगळा टेनिस बॉलचा. त्याला शिवण नाही, वजन नाही. सहा षटकांचा सामना, बक्षीस रोख, बाउंड्री बैलगाडीच्या वाटेपर्यंत. असल्या सामन्यात फिरकीला एक षटक द्यायचं म्हणजे कॅप्टनच्या पोटात गोळा येतो. म्हणून इथे प्रत्येक पोर धावत येऊन हात वाकडा करून जोरात फेकतं. गावोगावी क्रिकेट आहे आणि फिरकी नाही, याचं कारण गुण नाही, चेंडू आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी पाहिली, सातवी-आठवीतली. भाऊ बॅटिंग करत होता आणि ती टाकत होती, कारण टाकायला दुसरं कोणी नव्हतं. दोन पावलं चालत यायची, तळवा आकाशाकडे, आणि चेंडू सोडताना अनामिकेने त्याला असा पीळ द्यायची, की तो टेनिस बॉलसुद्धा भावाच्या बॅटला टाळून बाहेर जायचा. शिकवलं कोणी, विचारलं. "असंच," म्हणाली. मग भाऊ ओरडला, "फास टाक ना वं!" आणि तिने फास टाकला.

तिला पुढे जायचं असेल तर रस्ता कुठला? आपल्या पोरांची नोंद होते हैदराबाद क्रिकेट असोसिएशनकडे. हैदराबाद इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. नदीपलीकडच्या पोरांची नोंद विदर्भाकडे. नागपूर आदिलाबादहून दोनशे किलोमीटर, भाषा आपली, आणि तिथला संघ तीनदा रणजी जिंकलेला. त्याच विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५ च्या रणजी मोसमात ६९ बळी घेऊन विक्रम केला, आणि तोही फिरकीवालाच. पण अधिवासाचा कागद नदीच्या या काठाचा असला की त्या काठाची निवड चाचणी आपली नाही. पलीकडच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पैनगंगा ओलांडून आपल्या भीमपूर मंडळात येतात-जातात. त्यांना बिचाऱ्यांना कोणी अधिवास प्रमाणपत्र विचारत नाही.

तेलंगणात हे अशक्य आहे असं मात्र म्हणू नका. गोंगडी त्रिशा भद्राचलमची. तेही हैदराबादपासून आपल्याइतकंच लांब. ती लहान असतानाच वडिलांनी तिच्या क्रिकेटसाठी घर हैदराबादला हलवलं. २ फेब्रुवारी २०२५ रोजी क्वालालंपूरला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने आपल्या लेगस्पिनवर १५ धावांत ३ बळी घेतले आणि मग नाबाद ४४ धावा करून सामना संपवला. स्पर्धेत ३०९ धावा, ७ बळी, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. शेजारच्या आंध्रात कडप्पा जिल्ह्यातल्या खेड्यातली फिरकी गोलंदाज श्री चरणी एप्रिल २०२५ मध्ये भारताकडून पहिला सामना खेळली आणि नोव्हेंबरात विश्वविजेत्या संघात होती. हे सगळं छान आहे. पण त्रिशाच्या गोष्टीतलं मला टोचणारं वाक्य एकच, घर हलवलं. ज्या बापाचं पोट चार एकर कापसावर आहे, तो घर कुठे आणि कसं हलवणार? मुलीच्या लेगब्रेकसाठी शेत मक्त्याने देऊन शहरात खोली घ्या, असं त्याला सांगायची माझी तरी छाती नाही.

म्हणून मागणं छोटंच आहे, आणि ते शाळांतल्या पीटीच्या सरांकडे आणि मंडळाच्या अधिकाऱ्यांकडे आहे. मंडळातल्या एका तरी शाळेत मॅटिंगची एक पट्टी टाका आणि वर्षाला डझनभर लेदरचे चेंडू द्या. जिल्ह्याच्या निवड चाचणीची तारीख तेलुगूबरोबर मराठीतही शाळेच्या फलकावर लावा, आणि मुलींची चाचणी असेल तर ते ठळक लिहा. आणि मनगट फिरवणारं एखादं पोर दिसलं, तर कृपा करून त्याला फास टाकायला सांगू नका.