काळी तीनवर अडकलेली लिफ्ट

रविवारची सकाळ. बाहेर मस्त पाऊस, हातात कॉफी... आणि समोर आठ-दहा वर्षांची सात मुलं एकाच पियानोवर सात वेगवेगळ्या गोष्टी बडवतायत. वीकेंडची ही आयडिया कशी वाटते? मलाही नव्हती आवडली!

झालं असं, की माझी एक मैत्रीण कोथरूडमध्ये पियानो शिकवते. पियानो म्हणजे डिजिटल पियानो हं. सिनेमातला, झुंबराखालचा वगैरे नाही. तिच्या हॉलमध्ये सोफा आणि शू-रॅकच्या मध्ये जेमतेम मावणारा. तिने ठरवलं, की महिनाभर परीक्षेची पुस्तकं बंद. मुलांनी स्वतःची छोटी छोटी गाणी करायची आणि एकमेकांना ऐकवायची. 'तू लिहिण्यातली ना, मग लिहून घ्यायला ये,' म्हणून तिने मला पकडलं. मास कॉमची डिग्री कुठे कुठे कामी येते बघा.

खरं सांगायचं तर मला धाकधूक होती. लहानपणी मीही कीबोर्ड शिकायचे. एकदा क्लासमध्ये मी स्वतः जुळवलेली एक ट्यून वाजवली. सरांनी विचारलं, 'हे कुठल्या पुस्तकातलं?' म्हटलं, 'माझं आहे.' 'आधी पुस्तकातलं नीट वाजव.' विषय संपला. सर वाईट नव्हते हो, त्यांना पोर्शन संपवायचा होता. पण त्यानंतर मी स्वतःचं काही वाजवलं नाही, हेही तितकंच खरं.

गंमत बघा, मुलाने चित्र काढलं तर आपण ते फ्रिजवर चिकटवतो. चार ओळींची कविता केली तर पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावतो. आणि वाद्य शिकणाऱ्या मुलाने स्वतःचं काही वाजवलं की आतून आवाज येतो, 'टाइमपास पुरे, प्रॅक्टिस कर!'

पहिल्या रविवारी माझ्या मैत्रिणीने एकच नियम सांगितला : फक्त काळ्या पट्ट्या. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी ३६ काळ्या. त्याचं कारणही तिने मला कॉफी करता करता समजावलं. पांढऱ्या पट्ट्यांमध्ये ग-म आणि नि-सा या दोन जोड्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात, की एकत्र दाबल्या तर कानाला खुपतात. काळ्यांमध्ये अशी जोडीच नाही. त्यामुळे कुठेही बोट पडलं तरी 'चुकलं' असं वाटत नाही. कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराच्या पद्धतीत लहान मुलांच्या झायलोफोनवरून नको त्या स्वरांच्या पट्ट्या चक्क उचलून बाजूला ठेवतात, त्यामागेही हाच विचार आहे.

आणि आपल्यासाठी तर हा खजिनाच आहे. पेटीवाल्यांच्या भाषेत काळी तीनला सा मानलं आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर फिरलं, की भूप. काळी एकपासून सुरू केलं तर दुर्गा. काळी पाचपासून मालकंस. पट्ट्या त्याच पाच, फक्त घर बदलायचं! हे कळल्यावर मी ऑफिसात तासन्तास एक्सेल करणाऱ्या नवऱ्यालाही पियानोसमोर बसवलं. तोही दहा मिनिटं भूप वाजवून खूश.

पुढची पायरी ताल. मुलांना 'चार मात्रांचं काहीतरी कर' म्हटलं की ती आढ्याकडे बघतात. पण 'गरम गरम वडापाव' टाळ्या वाजवत म्हणायला लावलं की ताल आपोआप तयार! मग त्या टाळ्यांना स्वर द्यायचे. एकाने चार मात्रांचा प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने चार मात्रांत उत्तर द्यायचं. खाली टीचर डाव्या हाताने सा-प धरून ठेवणार, तंबोऱ्यासारखं. दोन रविवारांत सात मुलांची सात गाणी उभी राहिली. कोणाचं मांजरावर, कोणाचं स्कूल बसवर, एकाचं तर 'आईचा फोन सायलेंटवर आहे' या विषयावर. त्यात शेवटच्या दोन मात्रा फक्त शांतता होती!

माझं काम लिहून घेण्याचं. स्टाफ नोटेशन सगळ्यांना येत नव्हतं, म्हणून सारेगममध्ये. कोमल स्वराखाली आडवी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब, ही भातखंड्यांची पद्धत आपल्याकडे गायनाच्या क्लासला जाणाऱ्या कोणालाही माहीत असते. शिवाय प्रत्येकाचं फोनवर रेकॉर्डिंग. कारण मुलं तीच ट्यून दुसऱ्यांदा वेगळी वाजवतात आणि वर ठासून सांगतात, 'अशीच होती!'

तेव्हा मला मोझार्ट आठवला. १७६१ साली, पाच वर्षांचा असताना, त्याने पहिल्या छोट्या रचना केल्या. त्या लिहिल्या त्याच्या वडिलांनी, लिओपोल्ड मोझार्टनी, मोठ्या बहिणीच्या नॅनर्लच्या वहीत. म्हणजे मुलगा वाजवतोय आणि बाबा शेजारी बसून लिहून घेतायत. वाटलं, वा! मी तर लिओपोल्डच्या खुर्चीत बसलेय. आणि तिथेच माझी विकेट पडली.

तिसऱ्या रविवारी दोन वेण्या घातलेली एक नऊ वर्षांची मुलगी तिचं गाणं घेऊन बसली. फार न बोलणारी. गाण्याचं नाव 'लिफ्ट'. काळी पाचपासून सुरुवात, मग काळी एक, काळी दोन, काळी तीन... आणि थांबली. पुन्हा खालून सुरुवात, पुन्हा काळी तीनवर येऊन थांबली. असं चार वेळा. शेवटी तर नुसतं लटकलेलंच. ऐकताना वाटत होतं, जिना चढताना शेवटची पायरीच नाही.

मी काय करावं? शेवटी हळूच खाली उतरणारे तीन स्वर घातले आणि गाणं 'सा'वर आणून सोडलं. एकदम पूर्ण, गोड! ती शाळेच्या ट्रिपला गेली होती म्हणून पुढच्या रविवारी तिच्या गाण्याची रंगीत तालीम मीच वाजवली. आलेल्या आईबाबांनी टाळ्या वाजवल्या. 'किती सुंदर शेवट केलाय हो एवढ्याशा मुलीने!' मला आतून गुदगुल्या.

मंगळवारी तिने ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि संध्याकाळी क्लासला आल्या आल्या माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाली, 'मावशी, हे माझं नाहीये.'

'अगं, तुझंच आहे. मी फक्त शेवट नीट केला.'

'पण मग लिफ्ट खाली आली ना. म्हणजे चालू झाली. ती बंदच आहे.'

मग सगळं बाहेर आलं. तिची आजी चौथ्या मजल्यावर राहते. सोसायटीची लिफ्ट कधीपासून बंद आहे आणि गुडघ्यांमुळे आजीला जिना उतरता येत नाही. आजी खालच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची, तेही थांबलंय. काळी एक, काळी दोन ही नावं या मुलीला आजीनेच शिकवलेली. तिच्या हिशेबात काळी पाच म्हणजे पार्किंग, काळी एक म्हणजे पहिला मजला, काळी दोन म्हणजे दुसरा, काळी तीन म्हणजे तिसरा. आणि काळी चारवर आजी. लिफ्ट तिथपर्यंत पोचतच नाही, म्हणून गाणंही पोचत नाही.

खरंच सांगते, मला कान धरून उभं केल्यासारखं वाटलं. मी जिला चूक समजत होते, तीच तर गोष्ट होती! मी स्वर दुरुस्त केले आणि आजीला गाण्यातून काढून टाकलं.

आणि हे मला कळायला हवं होतं ना? माझ्याच लेखांची सुरुवात बदलून छापून आली, की मी मैत्रिणींना तासभर फोन करते. खाली नाव माझं, वाक्य भलत्याचंच! तुमच्यापैकी कितीजणांनी रात्र जागून केलेलं प्रेझेंटेशन वरिष्ठांनी 'थोडं पॉलिश' करून परत दिलंय? ते चांगलं झालेलं असतं, नाही असं नाही. पण मीटिंगमध्ये कोणी त्याची स्तुती केली की आपण मान खाली घालून बसतो. आपलं राहिलेलंच नसतं ते.

नॅनर्लच्या वहीतल्या त्या रचना लिओपोल्डच्या अक्षरात आहेत. मग त्यात त्या पाच वर्षांच्या पोराचं किती आणि बाबांनी 'नीट' केलेलं किती, हा प्रश्न मला आता सोडत नाही. दुसरं उदाहरण तर प्रत्येक पियानो क्लासमधलं. जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट घ्या. बाखच्या पत्नीच्या, ॲना मॅग्डालेनाच्या, १७२५ च्या वहीत तो उतरवलेला आहे, पण वर करणाऱ्याचं नावच नाही. वही बाखच्या घरातली, म्हणून पिढ्यान् पिढ्या तो बाखच्या नावावर वाजला. तो ख्रिस्तियान पेट्झोल्डचा आहे हे १९७० च्या दशकात समोर आलं. वहीत कोण काय लिहितं, याने केवढा फरक पडतो!

तर मी खोडरबर घेतलं, तीन स्वर पुसले. वर तिच्याच हाताने तिचं नाव लिहायला लावलं. आणि आता माझे दोन नियम आहेत. एक, मुलाने वाजवलं तसंच लिहायचं, आणि लिहिलेलं वाजवून दाखवून विचारायचं, 'असंच ना?' दोन, शेवट खटकला तर हात लावायच्या आधी विचारायचं, 'इथे काय होतंय?' उत्तर 'माहीत नाही, विसरलो' असं आलं, तर मदत जरूर करावी. पण दहातल्या निम्म्या वेळा तिथे एखादी लिफ्ट अडकलेली असते.

ऐकवण्याचा रविवारही झाला. स्टेज नाही, बक्षीस नाही, चटईवर सगळे. जपानच्या यामाहाच्या संगीतशाळा १९७२ पासून मुलांच्या स्वतःच्या रचनांच्या मोठाल्या मैफली करतात. आमची त्यांच्यापुढे अगदीच घरगुती. सातही गाण्यांची झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंगचं पुस्तक केलं आणि प्रत्येकाने दुसऱ्याचं एक गाणं वाजवलं. आपलं गाणं दुसऱ्याच्या हातून ऐकताना मुलांचे चेहरे बघायला हवे होते! ऐकणाऱ्यांनी नुसतं 'छान' म्हणायचं नाही, काय ऐकू आलं ते सांगायचं, ही टीचरची अट. स्कूल बसवाल्या मुलाने 'लिफ्ट' वाजवलं. संपल्यावर कोणीच टाळी वाजवेना. मग एक बाबा म्हणाले, 'अडकल्यासारखं वाटलं.' दोन वेण्या पहिल्यांदा हसल्या.

रेकॉर्डिंग घेऊन ती जिन्याने चौथ्या मजल्यावर गेली. मागच्या रविवारी मी विचारलं, 'आजी काय म्हणाली गं?'

'म्हणाली, पुढे काय?'

'मग तू काय सांगितलंस?'

'म्हटलं, सोसायटीच्या मीटिंगनंतर करते.'

मीटिंग येत्या शनिवारी आहे. मी वही आणि खोडरबर दोन्ही तयार ठेवलंय. पण हात मात्र मागे बांधून बसणार आहे. भेटू पुढच्या आठवड्यात!