सल्ला द्या, पण लिहून घ्या

२०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने आपले सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले. ती बातमी हिंजवडीत जेवढी वाचली गेली तेवढीच कोंढव्यात आणि मुंब्र्यातही वाचली गेली. मोठ्या कंपनीची निदान बातमी तरी होते. लहान आणि मधल्या कंपन्यांत हेच वर्षभर गुपचूप चालू असते. मीटिंगच्या खोलीत बोलावून घेतात, ‘तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे अनुभवाचे पत्र स्वच्छ मिळेल’ असे गोड भाषेत समजावतात आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप जमा करून घेतात.

आपल्या घरांत या घटनेचा अर्थ थोडा वेगळा असतो. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की, मुस्लिमांत स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण जास्त आहे आणि नियमित पगाराच्या नोकऱ्यांत त्यांचा वाटा कमी आहे. त्यासाठी अहवालाचीही गरज नाही. गॅरेज, बेकरी, शिलाई, फळांची गाडी, मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग हे सगळे आपण पाहतच वाढलो. त्या घरातून पहिल्यांदा कोणी तरी गळ्यात ओळखपत्र घालून कंपनीच्या बसमध्ये चढले, तेव्हा अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. तेच ओळखपत्र परत गेले की घरात आधी शांतता पसरते आणि मग कोणी चाचा सांगतात, ‘अरे, दुकान टाक. नोकरी आपल्यासाठी नसतेच.’

चाचांचे निम्मे बरोबर आहे. धंदा आपल्याला नवा नाही. पण इंजिनिअरिंग करून दहा वर्षे कारखान्यात घालवलेल्या माणसाने मोबाइल कव्हरचे दुकान टाकावे, यात त्या दहा वर्षांची नासाडी आहे. त्याच्याकडे विकण्यासारखी वस्तू आहे, फक्त ती शोकेसमध्ये मांडता येत नाही. हल्ली बरेच तरुण मला विचारतात की ‘कन्सल्टन्सी सुरू करू का?’, ते याच वस्तूबद्दल. मी स्वतः तेच करतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतला गुणवत्ता विभाग बंद झाला, त्यानंतर भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांना आयएसओ ९००१ आणि आयएटीएफ १६९४९ च्या ऑडिटसाठी तयार करणे हा माझा व्यवसाय झाला. संपादकीय मी त्याच टेबलावर रात्री लिहितो. म्हणून या अंकात अनुभवाचे थोडे बोलतो.

या धंद्याला भांडवल जवळजवळ लागत नाही, ही त्याची पहिली चांगली गोष्ट. कर्ज नाही, त्यामुळे ‘व्याजाचे काय?’ हा आपल्या घरांतला नेहमीचा प्रश्न सुरुवातीला तरी उठत नाही. सहा-आठ महिन्यांचा घरखर्च हेच भांडवल. आणि गिऱ्हाईक बहुधा जुन्या कामाच्या परिसरातच असते. ज्या लहान पुरवठादारांना तुम्ही कंपनीच्या बाजूने तपासत होता, त्यांनाच आता मदतीची गरज असते. नेमणूकपत्रात ‘दोन वर्षे या क्षेत्रात काम करणार नाही’ असे कलम असेल तर घाबरून बसू नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यावरची अशी बंदी सर्वसाधारणपणे रद्दबातल ठरते. मात्र गोपनीयतेचे बंधन खरे असते. डोक्यातले ज्ञान तुमचे, पण पेनड्राइव्हवरची ड्रॉइंग कंपनीची.

अडचण पुढे येते, आणि ती कौशल्याची नसते.

आपल्याकडे मश्वरा देणे हे नेकीचे काम आहे. कोणी विचारले तर सांगावे, अडवू नये, पैसे तर मुळीच घेऊ नयेत. ही रीत सुंदर आहे आणि ती टिकावी असेच मला वाटते. पण तिच्या पोटात एक समज दडलेली आहे की बोलण्याचे पैसे कसले? वेल्डिंगचे पैसे सगळ्यांना समजतात, कारण लोखंड जोडलेले दिसते. सल्ला दिसत नाही. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत नव्या सल्लागाराकडे काम भरपूर असते आणि पैसे नसतात. ओळखीच्या ट्रस्टची कागदपत्रे, शाळेच्या इमारतीचा अंदाज, मामूच्या मित्राच्या वर्कशॉपचे ऑडिट. ‘बेटा, सवाब मिळेल.’ सवाबाबद्दल शंका नाही, पण घरमालक भाडे सवाबात घेत नाही. माझा उपाय साधा आहे. महिन्यातले दोन दिवस मी सवाबाचे म्हणून वेगळे ठेवतो. ते संपले की पुढच्या महिन्याची तारीख देतो. उरलेल्या दिवसांचा दर असतो आणि तो मी चहा येण्याआधी सांगतो. चहा झाल्यावर सांगणे जड जाते.

दर सांगितला की तो लिहायचा. इथे मात्र आपण भारीच लाजतो. ‘आपल्या माणसाशी कसला कागद? जबान दिली ना!’ मदरशात जाणाऱ्या एखाद्या मुलाला विचारा, कुरआनमधली सर्वांत लांब आयत कोणती. तो सांगेल, सूरह बकराची २८२ वी. ती नमाजबद्दल नाही, रोजाबद्दल नाही. ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे: मुदत ठरवा, लिहून ठेवा, लिहिणारा न्यायाने लिहो, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. त्या आयतीतल्या स्त्रियांच्या साक्षीवर आपल्या चळवळीत आणि चळवळीच्या विरोधकांतही किती तरी वाद झाले. ते व्हायलाच हवेत. पण वादाच्या दोन्ही बाजूंचे लोक भागीदारीचा धंदा मात्र तोंडी करतात, याचे मला नवल वाटते. शिवाय भाषा बघा. करार, मुदत, तारीख, रक्कम, हिशेब, नक्कल, दस्तऐवज हे सगळे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले. शब्द आपल्या बाजूने आले आणि कागद दुसऱ्यांनी ठेवला, असे झाले आहे.

कागद फार मोठा नको. दोन पाने पुरतात. काम काय, किती दिवसांत, कोणत्या टप्प्यावर किती पैसे, बिल दिल्यावर किती दिवसांत ते मिळणार. मी एक तृतीयांश आगाऊ घेतो आणि त्याशिवाय कारखान्यात पाऊल ठेवत नाही. त्याहून महत्त्वाचे कलम म्हणजे काय करणार नाही, हे. ऑडिटची तयारी म्हणून गेलेला माणूस तीन आठवड्यांत कामगारांची हजेरीवही नीट करत असतो, चौथ्या आठवड्यात मालकाच्या मुलाचा प्रवेश अर्ज भरत असतो. आणि माझ्या क्षेत्रातली एक सीमा तर कायमच लिहावी लागते. सल्लागार प्रमाणपत्र देऊ शकत नाही. प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळीच असली पाहिजे आणि तिने त्याच कारखान्याला सल्ला देता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तरीही ‘ऑडिटबिडिट नको, कागद घरपोच द्या’ म्हणणारे भेटतात, आणि तसे देणारेही आहेत. अशा मालकाला नाही म्हटल्याने त्या महिन्यात नुकसान होते. पण वाहन कंपनीचा माणूस तपासणीला आला की बनावट कागद पहिल्या तासात उघडा पडतो. त्या वेळी त्यावर तुमचे नाव नसलेले बरे.

आता बिल दिले आणि पैसे आले नाहीत तर? आपल्यातले बहुतेक जण इथे फोन करत राहतात, मग अपमान वाटून फोन बंद करतात आणि ‘नशिबात नव्हते’ म्हणून सोडून देतात. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण शुक्रवारच्या बयानात आपण कितीदा ऐकली. तिच्या जवळ जाणारा एक कायदा या देशात २००६ पासून आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या त्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी काहीच नसेल तर १५ दिवसांत. यात सेवा देणारेही येतात, म्हणजे एकट्याने काम करणारा सल्लागारही. पैसे थकले तर ऑनलाइन तक्रार करता येते आणि प्रकरण राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक चाप लावला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. मार्च जवळ आला की जुन्या बिलांना पाय फुटतात, त्याचे एक कारण हे आहे. दोन ओळींच्या नम्र ईमेलमध्ये आपला उद्यम क्रमांक आणि या तरतुदीचा उल्लेख केला तरी बरेचदा काम होते.

पण हे सारे उद्यम नोंदणी आधी केली असेल तरच. पैसे बुडाल्यावर केलेली नोंदणी मागच्या कामाला उपयोगी पडत नाही. नोंदणी ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. झेरॉक्सच्या दुकानात दोन हजार रुपये देऊन ती ‘काढून घेणारे’ मी पाहिले आहेत.

याच कायद्यात उशिराच्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लावण्याची तरतूद आहे, आणि इथे आपले अनेक धार्मिक वृत्तीचे तरुण अडखळतात. ‘व्याज मागावे लागणार असेल तर तक्रारच नको.’ हे मला पटत नाही. परिषदेपुढे आधी समेटाचा प्रयत्न होतो. तिथे ‘मुद्दल द्या, व्याज सोडतो’ असे म्हणण्यापासून तुम्हाला कोणी अडवत नाही. इस्लामी बँकांतही उशिराचा दंड बहुधा दानात वळवतात, तसेही करता येईल. व्याज घ्यायचे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. पण आपल्या मेहनतीचे मुद्दल दुसऱ्याच्या खिशात सोडून देणे याला मी परहेजगारी म्हणणार नाही.

नावाचा प्रश्नही टाळता येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकसारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. मुस्लिम आणि दलित नावांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. सल्लागाराचा ईमेलही नावानेच उघडतो. काही जण फर्मला कसलाच अंदाज येणार नाही असे नाव देतात. त्यांना भित्रे म्हणणारे लोक सहसा स्वतः पगारावर असतात. मी एवढेच पाहिले आहे की ऑडिट आठ दिवसांवर आलेल्या वर्कशॉप मालकाला नावाशी घेणे नसते. त्याला त्याच्या त्रुटींची यादी आणि ती मिटवणारा माणूस हवा असतो. असे पहिले दोन-तीन मालक जमले की पुढचे काम ते मिळवून देतात. त्या उलट ‘आपल्याच लोकांत’ धंदा करू, असे ठरवणाऱ्यांची कक्षा फार लवकर संपते, आणि तिथे पुन्हा ‘जबान दिली ना’ हेच.

बाकीचे पटकन. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण मोठी कंपनी बहुधा जीएसटी क्रमांक मागतेच. व्यावसायिक शुल्कातून साधारण १० टक्के कर कापूनच पैसे येतात. ते विवरणपत्र भरून परत मागायचे असतात. राज्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. धंद्याचे बँक खाते घरखर्चापासून वेगळे.

खात्यावरून एक गोष्ट. पगारपत्रक, भरती, भाषांतर, हिशेब अशी कामे घरून करणाऱ्या मुली आपल्यात वाढत आहेत. नोकरी गेल्यावर किंवा बाळंतपणानंतर कंपनीने परत न घेतल्याने त्यांनी हे सुरू केलेले असते. काम ती करते आणि बिल भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावाने जाते, ‘तिला कुठे बँकेत फिरवायचे?’ म्हणून. मग उद्यम नोंदणी त्याची, अनुभव त्याचा, ४५ दिवसांचा हक्कही त्याचा. ज्या समाजात हजरत खदीजांच्या व्यापाराचे दाखले अभिमानाने दिले जातात, तिथे मुलीचे पॅन कार्ड कपाटात पडून राहते. करारावर सही तिची हवी आणि पैसे तिच्या खात्यात यायला हवेत. यावर घरात वाद होईल. होऊ द्या.

आणि ज्यांच्या हातात या आठवड्यात राजीनाम्याचा कागद दिला गेला आहे, त्यांनी फर्मचे नाव शोधण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी तुमची आहे, राजीनामा दिला तरीही. शिल्लक रजेचा आणि नोटीस काळाचा हिशेब ईमेलवर मागा, तोंडी नको. आणि अम्मी-अब्बांचा आरोग्य विमा कंपनीच्या योजनेत असेल तर तो तुमच्याबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हे लॅपटॉप परत करण्याआधी विचारा. अब्बांना मधुमेह असेल तर नवी पॉलिसी बाहेर शोधायला निघाल्यावर काय उत्तरे मिळतात, ते ज्यांनी शोधली त्यांना विचारून पाहा.