खालाच्या कानाचं ऑपरेशन

आमच्या कराडच्या खालाच्या कानाचा पडदा फाटला होता. ऑपरेशन मिरजेत ठरलं. पूर्ण भूल न देता फक्त कान बधिर करणार, हे ऐकून ती हबकली. "बेटी, जागेपणी कान कापणार?"

भूलतज्ज्ञांनी नीट समजावलं. पेशंट बोलू शकला तर ऐकू येतं का, हे टेबलावरच विचारता येतं. भीती जावी, डोकं हलू नये म्हणून शिरेतून गुंगीचं औषध देतात. मिडाझोलम हे जुनं औषध. त्याने धास्ती जाते, नंतर फारसं आठवतही नाही. पण जास्त झालं तर श्वास मंदावतो. डेक्समेडेटोमिडिनची गुंगी साध्या झोपेसारखी. हाक मारली की माणूस जागा होतो, श्वासाला त्रास कमी. रक्तदाब थोडा उतरतो, त्यामुळे रक्त कमी येतं आणि डॉक्टरांना कानात स्वच्छ दिसतं. मात्र नाडी मंदावते.

हे ऐकताच मी खालाकडे पाहिलं. धडधडीसाठी ती रोज गोळी घेते. तीही नाडी मंद करणारी. "ऑपरेशन लांबेल" म्हणून तिने सांगितलंच नव्हतं! मी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून पुढे ठेवलं. डॉक्टरांनी ते पाहूनच औषध आणि प्रमाण ठरवलं. अल्हम्दुलिल्लाह, सगळं नीट पार पडलं.

भगिनींनो, कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. रोजच्या गोळ्या, जुने आजार, घोरणं, अगदी मिश्रीसुद्धा, आपण न लाजता सांगायचं.