ऐकणाऱ्याच्या हाती हजेरीपट नको

यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्यास गेली. धर्मोपदेशक घडविणारी ही संस्था तीस वर्षे येथे असूनही ‘चॅप्लेन’ हा शब्द आपल्या महाविद्यालयांत रुजला नाही. पाश्चात्त्य विद्यापीठांतील लुथरन चॅप्लेन उपासना चालवितो. त्याचबरोबर दाराशी येणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याचे मन जाणून घेतो. गुण देणे त्याच्या हाती नसते आणि कबुलीजबाबातले गुपित तो फोडीत नाही. मार्टिन लुथर स्वतः विटेनबर्ग विद्यापीठात अध्यापक होता. खासगी कबुलीजबाबाची प्रथा त्याने राखली. प्रत्येक पाप मोजून सांगण्याची सक्ती मात्र नाकारली. सांगणाऱ्यास पेलेल तेवढेच त्याने सांगावे, हा विचार आम्हांस मोलाचा वाटतो.

कापूस, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांनी पोळलेल्या घरांतील मुले आमच्या वर्गांत बसतात. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. हे काम एखाद्या प्राध्यापकाच्या माथी मारून कागद पुरा केला जाईल, अशी आम्हांस भीती वाटते. आम्ही हजेरी घेतो, अंतर्गत गुण देतो. आमच्यापुढे विद्यार्थी मोकळा होईल कसा? चॅप्लेनचा धर्म घेण्याचे कारण नाही. परीक्षा आणि शिस्त यांपासूनची त्याची अलिप्तता तेवढी घ्यावी, आणि समुपदेशकास प्राचार्यांच्या दालनापासून दूर एक खोली द्यावी.