मागणीपत्र : आधी उतार, मग रंग

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व खजिनदार,
व्यवस्थापकीय समिती

विषय : गच्चीवर तुंबणाऱ्या पाण्याचा कायमचा बंदोबस्त करणेबाबत

महोदय,

तिन्ही विंगच्या शेवटच्या मजल्यावरील सभासदांच्या संघातर्फे हे मागणीपत्र सादर करीत आहोत. पाऊस सरला आहे. आमच्या घरांतले पोपडे अजून वाळायचे आहेत आणि याच सुमारास दरवर्षी वॉटरप्रूफिंगची कोटेशने समितीपुढे येऊ लागतात. यंदा ती उघडण्याआधी आमचे म्हणणे ऐकून घ्यावे. आपल्या गच्चीला उतार राहिलेला नाही आणि पाणी बाहेर पडायला पुरेशी तोंडे नाहीत. हे दुरुस्त होत नाही तोवर वरून कितीही कोट मारले तरी पैसे पाण्यातच जाणार.

पदाधिकाऱ्यांनी एकदा ब विंगच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशिनरूममागे येऊन पाहावे. चायना मोझॅकच्या पांढऱ्या तुकड्यांवर एकात एक काळी-हिरवी वर्तुळे उमटली आहेत. डबके जसजसे आटत गेले तसतशा त्या रेघा पडल्या. पावसाच्या पाइपाचे तोंड तिथून चार पावलांवर आहे, पण डबक्याच्या तळापेक्षा ते उंच आहे, कारण मागच्या दुरुस्तीत कारागिराने तोंडाभोवतीच कोबा जाड केला. जाळीवर कबुतरांची पिसे, पिंपळाची पाने आणि संक्रांतीचा मांजा यांचा गुंता आहे. पाणी जाणार कुठून?

हे पाणी किती, याचा हिशोब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ब विंगची गच्ची सुमारे 300 चौरस मीटरची. तिच्या निम्म्या भागात 25 मिलिमीटर पाणी उभे राहिले तरी 3,750 लिटर होतात, म्हणजे स्लॅबवर पावणेचार टनांचा भार. वजनापेक्षाही वाईट गोष्ट अशी की वाहते पाणी भेगेवरून निघून जाते, पण साचलेले पाणी तिच्यात मुरत राहते. ते सळईपर्यंत पोचले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुगते आणि त्याचे ढलपे खाली पडतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत याला फार वर्षे लागत नाहीत.

डासांचेही तेच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. तो गच्चीवरून उतरताना कोणाचा मजला कितवा हे पाहत नाही.

हे लिहावे लागते, कारण वार्षिक सभेत दरवेळी तेच वाक्य कानी येते : ‘गळती वरच्यांची आहे, खर्च वरच्यांनी करावा.’ खालच्या मजल्यावरील सभासदांबद्दल आमच्या मनात राग नाही, पण हे म्हणणे नियमात बसत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची असते. त्या गळतीने शेवटच्या मजल्यावरील सदनिकांचे छत आणि त्याचा गिलावा खराब झाला असेल, तर तो खर्चही संस्थेचाच. बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि 0.25 टक्के सिंकिंग फंड सर्वांकडून घेतला जातो, तो अशाच कामांसाठी.

आमच्या मागण्या अशा :

1. कोटेशन मागवण्याआधी गच्चीची लेव्हल घ्यावी. पाण्याची लेव्हल नळी घेऊन दर मीटरला उंची मोजावी आणि नकाशावर आकडे लिहावेत. हा एका दिवसाचा आणि फार थोड्या खर्चाचा उद्योग आहे, तरी आजवर एकाही कंत्राटदाराने तो केलेला नाही. नकाशा हाती आला की खळगे कुठे आहेत यावर वाद उरणार नाही.

2. पाइपांची संख्या वाढवावी. ही मागणी आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. राष्ट्रीय इमारत संहितेतल्या तक्त्याप्रमाणे तासाला 50 मिलिमीटर पाऊस धरला तर 100 मिलिमीटर व्यासाचा एक पाइप सुमारे 85 चौरस मीटर छताचे पाणी वाहून नेतो. म्हणजे ब विंगला किमान चार पाइप हवेत. आहेत दोन, आणि त्यातला एक जवळजवळ बंद. तासाला 50 मिलिमीटर हा आकडा कोणाला फुगवलेला वाटला, तर 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, याची आठवण द्यावीशी वाटते.

पाइप वाढवण्याचा आणखी एक फायदा सभेत कधी बोलला जात नाही. पाण्याला तोंडापर्यंत 12 मीटर जायचे असेल, तर 1:100 उतारासाठी दूरच्या टोकाला 120 मिलिमीटर चढ द्यावा लागतो. अंतर निम्मे झाले की 60 मिलिमीटर पुरतो. कोबा पातळ होतो आणि स्लॅबवरचा भार घटतो.

3. जुन्यावर नवा कोबा चढवू नये. 100 मिलिमीटर जाडीच्या विटांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते. भारतीय मानकांत वापरातल्या गच्चीसाठी वावराचा भार 150 किलोच धरलेला असतो. आपल्याकडे थरावर थर चढले आहेत. ते आधी काढावेत. काढताना जड ब्रेकर वापरू नये आणि राबिट गच्चीच्या एका कोपऱ्यात रचू नये, रोजच्या रोज खाली उतरवावे. हे सर्व स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याने व्हावे. आपली इमारत 30 वर्षांपुढची असल्याने दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट उपविधींनुसार करावेच लागते; त्याच भेटीत हेही काम होईल.

4. कठड्याच्या बुडाला सर्वत्र गोल वाटा मारावा. पाइपाच्या तोंडाशी कोबा खोलगट ठेवावा आणि सपाट जाळीऐवजी घुमटाकार जाळी बसवावी, म्हणजे पाने भोवती अडकली तरी वरून पाणी जाते.

5. काम दिवाळीनंतर सुरू होऊन मार्चअखेर संपावे. मे महिन्यात घाईने टाकलेल्या कोब्यावर आळी करून पाणी धरायला पाणीच नसते; कपात चालू असते. काम झाल्यावर बोअरचे पाणी भरून 48 तास चाचणी घ्यावी आणि खालच्या छतांची पाहणी करावी. मग पाणी सोडून द्यावे. त्यानंतर 48 तासांनीही कुठे डबके दिसले, तर तिथे खडूने रेघ ओढून कंत्राटदाराकडून तेवढा भाग पुन्हा करून घ्यावा.

6. बिलातील 10 टक्के रक्कम दोन पावसाळे राखून ठेवावी. दहा वर्षांच्या छापील हमीपेक्षा आम्हाला ही रक्कम जास्त विश्वासाची वाटते. हमीपत्रे फाइलमध्ये आहेत. ती देणारे फोन उचलत नाहीत.

7. गच्चीत छिद्र पाडायला लेखी परवानगी सक्तीची करावी. डिश अँटेना, सोलरचे स्टँड, एसीचे युनिट, सगळ्यांना हे लागू असावे. आमच्यातल्या ज्यांनी असे केले आहे त्यांनाही. टाकीचा बॉलकॉक बिघडून वाहणारे पाणी त्याच दिवशी बंद व्हावे. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला जाळ्या साफ झाल्याची नोंद वॉचमनच्या वहीत असावी.

पत्र्याची शेड घालून मोकळे होऊ, असेही काही सदस्य सुचवतात. महापालिकेच्या परवानगीने ती घालता येईल, पण कठड्यावरून आत येणारे आणि टाकीचे पाणी तरीही साचेल. सपाट गच्चीवर पत्रे टाकून आत काय चालले आहे ते दिसेनासे करणे आम्हाला मान्य नाही.

वरील मागण्यांवर विचार करण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. संस्थेच्या एक-पंचमांशाहून अधिक सभासदांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. त्यांत तळमजल्यावरील सभासदांच्याही सह्या आहेत. नियमाप्रमाणे ही सभा एका महिन्याच्या आत घेणे समितीवर बंधनकारक आहे.

आपले विश्वासू,
शेवटच्या मजल्यावरील सभासदांचा संघ